रोमच्या मोहरांवरील सम्राज्ञी

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादिकाबाईंनी मला विषयाची मोकळीक दिली, पण एक अट घातली : इतिहास चालेल, सनावळी नको. जिचे सारे आयुष्य शाळेत इतिहास शिकवण्यात गेले तिला सनावळी अगदीच टाळणे जमणारे नाही. परंतु सोन्याविषयी लिहिते म्हटल्यावर त्यांनीही फार ताणून धरले नाही. तेव्हा आज सोन्याविषयीच लिहिते, मात्र ते सोने दोन हजार वर्षांपूर्वीचे, रोमचे.

आपल्यापैकी पुष्कळजणींच्या घरी आजीच्या किंवा सासूबाईंच्या पुतळ्यांच्या माळेची आठवण असेल. पुतळी हा मूळचा दागिना नव्हे, नाणे आहे. पेशवाईत इटलीतील व्हेनिस शहराच्या ड्युकॅट नावाच्या सोन्याच्या नाण्याला पुतळी म्हणत, कारण त्याच्यावर मनुष्याकृती असत. पुढे आपल्याकडे त्याच्या नकला होऊ लागल्या, तेव्हा आकृती कशाबशा उतरल्या, पण कडेची अक्षरे घडवणाऱ्याला वाचता येत नव्हती. त्यामुळे ती अक्षरे न राहता नुसती नक्षी झाली. व्हेनिसच्या पुतळीच्या कितीतरी शतके आधी त्याच इटलीतून सोन्याची नाणी आपल्या देशात येत होती आणि आपल्या बायका तीही गळ्यात घालीत होत्या. त्या नाण्यांच्या कडेला काय लिहिलेले असे, आणि विशेषतः त्यांवर एखाद्या बाईचे नाव आले तर ते कोठे, कसे आणि कोणाच्या नात्याने येई, हे मला आज सांगायचे आहे. ही नाणी मी बहुतांशी छायाचित्रांतच पाहिली आहेत, हातात भिंग घेऊन. पण अक्षरे वाचायला तेवढे पुरते.

या नाण्याचे नाव ऑरियस. मी त्याला सोयीसाठी मोहर म्हणेन. पहिला सम्राट ऑगस्टस याच्या काळी तिचे वजन पावणेआठ ग्रॅमच्या किंचित वर, म्हणजे आपल्या जुन्या मापाने आठ मासे, आणि सोने जवळजवळ शुद्ध. एका मोहरेचे चांदीचे २५ देनारियस होत आणि पितळेचे १०० सेस्टर्स. या देनारियसवरूनच आपल्या संस्कृतात ‘दीनार’ शब्द आला. पुढे राजकोश रिता होऊ लागला तशी मोहर झडत गेली. नीरोने इ. स. ६४ मध्ये ती साडेसात माशांवर आणली, कॅराकालाने २१५ साली पावणेसात माशांवर, आणि कॉन्स्टंटाइनने चौथ्या शतकात सॉलिडस नावाचे जे नवे नाणे चालू केले ते साडेचार माशांच्या आसपास भरे. चेहरा मात्र दर वेळी तितकाच ऐटदार. आपला सोनार परवडला, म्हणावे!

आता अक्षरांकडे वळू. सम्राटाच्या मुखवट्याभोवती गोलाकार लेख असे. जागा थोडी आणि पदव्या फार, म्हणून शब्द तोडून पहिली एकदोन अक्षरेच घालीत. ‘इंप’ म्हणजे इंपेरातोर, विजयी सेनापती. ‘ऑग’ म्हणजे ऑगस्टस, पूजनीय. ‘प. म.’ म्हणजे पोंतिफेक्स माक्सिमुस, सर्वोच्च पुरोहित. ‘प. प.’ म्हणजे देशपिता. ‘त्रि. प.’ ही लोकांच्या कैवाऱ्याची म्हणून मिळालेली सत्ता. ती दरवर्षी नव्याने मोजली जाई आणि तिच्यापुढे आकडा पडे, म्हणून त्या आकड्यावरून नाण्याचे वर्ष आज सांगता येते. आमच्या शिवछत्रपतींच्या होनावर एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ एवढेच आहे. रोमच्या सम्राटांना एवढ्याने भागत नसे.

या लेखातली सर्वांत महत्त्वाची दोन अक्षरे माझ्या मते वेगळीच आहेत : ‘दिवि फ.’ म्हणजे ‘देवाचा पुत्र’. मेलेल्या सम्राटाला रोमची सिनेट ठराव करून देव ठरवी, आणि मग त्याच्या मागून येणारा आपोआप देवपुत्र होई. दुसरा सम्राट टायबेरियस (इ. स. १४ ते ३७) याच्या मोहरेवर लिहिले आहे : ‘टायबेरियस सीझर, देव ऑगस्टसचा पुत्र, ऑगस्टस’. खरे पाहता टायबेरियस हा ऑगस्टसचा दत्तक मुलगा. ऑगस्टसची पत्नी लिव्हिया हिचा तो पहिल्या लग्नाचा मुलगा, म्हणजे त्याच्या गादीवरचा सगळा हक्क आला तो आईकडून. मोहरेच्या मागच्या बाजूस एक बाई खुर्चीवर बसलेली आहे, एका हातात राजदंड आणि दुसऱ्या हातात फांदी. तिच्याभोवती लेख आहे ‘पोंतिफ माक्सिम’. हे पद मुलाचे आहे. बाईचे नाव कोठेच नाही. ती लिव्हियाच असावी असे पुष्कळ विद्वान मानतात. काही म्हणतात, ती शांतिदेवता. सिनेटने तर असेही सुचवले होते की टायबेरियसच्या नावापुढे ‘जूलियाचा पुत्र’ असे जोडावे (लिव्हियाला पुढे जूलिया ऑगस्टा हे नाव मिळाले होते). टायबेरियसने ते साफ नाकारले. दत्तक बापाचे नाव मोहरेवर राहिले आणि जन्मदात्या आईचे आले नाही.

गंमत अशी की हिंदुस्थानात सापडणाऱ्या रोमन सोन्याचांदीच्या नाण्यांत टायबेरियसच्या या बिननावाच्या बाईचे नाणे फार मोठ्या संख्येने सापडते. मिरी, मलमल, मोती आणि रत्ने यांच्या बदल्यात हे धन दक्षिणेच्या बंदरांत उतरत असे. इ. स. २२ मध्ये याच टायबेरियसने सिनेटला पत्र लिहून तक्रार केली होती की बायकांच्या जडजवाहिरापायी आपला पैसा परक्या लोकांकडे चालला आहे. पुढे प्लिनी नावाच्या ग्रंथकाराने हिशेबच मांडला : हिंदुस्थान, चीन आणि अरबस्थान मिळून दरसाल दहा कोटी सेस्टर्स रोमकडून नेतात. मोहरांत मांडले तर हे दहा लाख मोहरा होतात. त्यानेही दोष दिला तो चैनीला आणि बायकांना. मिरी घातलेले जेवण पुरुष जेवत नव्हते काय, आणि जहाजांचे मालक कोण होते, हे त्याला कोणी विचारलेले दिसत नाही.

इकडे आलेल्या मोहरांचे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. तमिळनाडूत पुदुक्कोट्टईजवळ १८९८ साली ५०१ मोहरांचा साठा सापडला. त्यांतल्या बहुतेक मोहरांवर सम्राटाच्या चेहऱ्यावर आडवा छिन्नीचा घाव आहे. ती मोहर नाणे म्हणून पुन्हा चालू नये, सोने म्हणूनच राहावी, यासाठी कोणीतरी हे घाव घातले असावेत असा तर्क आहे. देवपुत्र असो की देशपिता, इकडच्या सराफाला आठ मासे तेवढे खरे. तेलंगणातील कोंडापूर या सातवाहनकालीन वस्तीत तर टायबेरियसच्या नाण्याच्या मातीच्या नकला मिळाल्या आहेत, ओवून गळ्यात घालता येतील अशा. ज्यांना सोने परवडत नव्हते त्यांनी मातीवर हौस भागवली असेल.

असो. रोमला परत जाऊ. टायबेरियसनंतर कॅलिगुला आला. त्याने आपल्या मृत आईचे नाव सोन्यावर घातले. त्याच्यामागून आलेल्या क्लॉडियसनेही आपल्या मृत आईचा, अँटोनियाचा, मुखवटा नावासह मोहरेवर काढला. मेलेल्या आया कोणाच्या वाटेत येत नाहीत. जिवंत बाईचा प्रश्न निराळा, आणि तो आणला अग्रिपिनेने.

अग्रिपिना ही ऑगस्टसची पणती, कॅलिगुलाची बहीण. इ. स. ४९ मध्ये तिने क्लॉडियसशी लग्न केले. तो तिचा सख्खा चुलता होता, आणि या लग्नासाठी कायदा बदलावा लागला. दुसऱ्याच वर्षी तिने दोन गोष्टी साधल्या : आपल्या आधीच्या लग्नाच्या मुलाला, नीरोला, क्लॉडियसकडून दत्तक घेवविले आणि स्वतःला ‘ऑगस्टा’ ही पदवी मिळवली. त्यानंतरच्या मोहरेवर पुढच्या बाजूस क्लॉडियस सर्व पदव्यांसह आहे आणि मागच्या बाजूस ती, धान्याच्या कणसांचा मुकुट घातलेली. लेख आहे : ‘अग्रिपिनाए ऑगस्टाए’. आपल्याप्रमाणेच लॅटिनमध्येही विभक्ती आहेत. हे रूप चतुर्थीचे समजतात : ‘अग्रिपिना ऑगस्टा हिला’. म्हणजे हा तिला दिलेला मान आहे, देणारा तो आणि घेणारी ती. तरीसुद्धा साम्राज्याच्या सोन्याच्या नाण्यावर सम्राटाच्या हयात पत्नीचे नाव आणि चेहरा यापूर्वी कधी आला नव्हता.

ऑक्टोबर ५४ मध्ये क्लॉडियस मेला. अळंब्यांतून विष घातले गेले असे प्राचीन इतिहासकार सांगतात. नीरो सतरा वर्षांचाही नव्हता. त्या वर्षी जी मोहर निघाली ती मी कितीतरी वेळ भिंगाखाली धरून पाहिली. तिच्यावर आई आणि मुलगा समोरासमोर, अगदी नाकाला नाक लावल्यासारखे, दोघे सारख्या आकाराचे. भोवतालचा लेख नीरोचा असेल असे कोणालाही वाटेल, पण तो आहे आईचा : ‘अग्रिपिना ऑगस्टा, देव क्लॉडियसची पत्नी, नीरो सीझरची माता’. आणि सम्राटाचे नाव? ते मागच्या बाजूस ढकललेले, ओकच्या पानांच्या माळेभोवती, आणि तेही चतुर्थीत : ‘नेरोनि’, नीरोला. काही वर्षांपूर्वी जी विभक्ती तिच्या वाट्याला होती, ती आता मुलाच्या वाट्याला आली. व्याकरण शिकवताना मला मुली विचारीत की विभक्ती घोकून काय मिळणार. त्यांना दाखवायला ही मोहर तेव्हा माझ्यापाशी असती तर बरे झाले असते.

दुसऱ्या वर्षी, ५५ मध्ये, नवी मोहर आली. दोघे अजून पुढच्याच बाजूस आहेत, पण आता समोरासमोर नाहीत. एकामागे एक असे दोघांचेही तोंड एकाच दिशेला. पुढे नीरो, आणि त्याच्या आड, नाकाडोळ्याची रेघ तेवढी दिसेल इतकी, आई. लेख आता नीरोचा, आणि प्रथमेत : ‘नेरो’. आईचा लेख शब्दन् शब्द तोच, पण गेला मागच्या बाजूला, हत्तींच्या रथाभोवती. त्याच वर्षी तिला राजवाड्यातून दुसऱ्या घरी पाठवण्यात आले, तिचे पहारेकरी काढून घेतले गेले. त्यापुढच्या मोहरांवर अग्रिपिना नाही. नीरो एकटाच आहे. ५९ सालच्या मार्चमध्ये नीरोने आधी तिला मोडक्या बनावटीच्या नावेत बसवून बुडवण्याचा प्रयत्न केला, ती पोहून निघाली, तेव्हा मारेकरी पाठवून तिला ठार करविले.

ती काही साध्वी नव्हती, हे मला माहीत आहे. सावत्र मुलाचा हक्क तिने डावलला, आणि तो बिचारा ब्रिटानिकस ५५ सालीच मेला. पण तिच्याविषयी लिहिणारे जे इतिहासकार आहेत ते सर्व पुरुष, आणि पुष्कळसे तिच्या नंतरचे. तीन वेळा मोहरेवर तिची जागा बदलली ती मात्र तिच्या डोळ्यांदेखत.

पुढच्या पाऊणशे वर्षांच्या राण्या मी गाळते. त्यांची नावे मोहरांवर येतात, आदर्श पत्नी म्हणून येतात, आणि फार काही सांगत नाहीत. एका बाईजवळ मात्र थांबलेच पाहिजे. अँटोनायनस पायस याची पत्नी फॉस्टिना इ. स. १४० च्या सुमारास वारली. सम्राटाने पुन्हा लग्न केले नाही. तो आणखी वीस वर्षे जगला, आणि त्याच्या मरणापर्यंत, १६१ सालापर्यंत, ‘दिवा फॉस्टिना’, देवी फॉस्टिना, या लेखाची नाणी निघत राहिली. मागच्या बाजूस बहुधा ‘एतेर्निटास’, म्हणजे अनंतता. रोमच्या मुख्य चौकात त्याने तिचे देऊळ बांधले. ते आजही उभे आहे, आता त्यात चर्च आहे. त्याच्या दर्शनी पट्टीवर प्रथम फक्त तिचे नाव होते. सम्राट मेल्यावर वरच्या ओळीत त्याचे नाव घातले गेले. बायकोच्या देवळात नवऱ्याला जागा मिळाली, असे उदाहरण मला दुसरे आठवत नाही.

परंतु आपल्या मंडळाच्या भगिनींनी लक्षात ठेवावी अशी फॉस्टिनेची मोहर निराळी आहे. तिच्यावर लेख आहे ‘पुएल्लाए फॉस्टिनिआनाए’, म्हणजे फॉस्टिनेच्या मुली. गरीब घरच्या मुलींच्या पोषणासाठी सम्राटाने पत्नीच्या नावे निधी काढला होता, त्याची ही मोहर. तिच्यावर लोक आपल्या मुली घेऊन येताना दाखवले आहेत. रोमन मोहरांवर लढाया, जिंकलेले देश, बेड्या घातलेले कैदी यांची रेलचेल. त्यांत आईबापाच्या हातावरची छोटी पोर दिसली म्हणजे जीव थोडा शांत होतो.

आता शेवटची बाई, जूलिया डोम्ना. ही सिरियातील एमेसा, म्हणजे आजच्या होम्स शहरची, सूर्यदेवाच्या पुजाऱ्याची मुलगी. नवरा सेप्टिमियस सेव्हेरस, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील लेप्टिसचा. दोघेही रोमचे नव्हेत, पण राज्य रोमचे. तिला ‘छावणीची माता’ अशी पदवी मिळाली, कारण नवऱ्याबरोबर ती स्वाऱ्यांवर जाई. दोन मुलगे : कॅराकाला आणि गेटा. इ. स. २०१ च्या सुमाराची सेव्हेरसची एक मोहर आहे. मागच्या बाजूस मध्ये आई, पाहणाऱ्याकडे थेट तोंड करून, आणि तिच्या दोन्ही अंगांना दोन मुलगे एकमेकांकडे बघताना. वर लेख : ‘फेलिकिटास सेकुली’, या युगाचे सौभाग्य. अशी घरगुती मोहर क्वचितच पाहायला मिळते.

भाऊ एकमेकांचे तोंड पाहीनात. सेव्हेरस २११ च्या फेब्रुवारीत ब्रिटनमध्ये, यॉर्क येथे, वारला. दोघांना एकत्र गादी मिळाली, आणि राजवाड्याचे दोन भाग करून मध्ये दारे बंद करून घेण्यापर्यंत मजल गेली. डिसेंबरात कॅराकालाने आईला सांगितले की आम्हां दोघांना तुझ्या दालनात बोलाव, समेट करू. तिने बोलावले. गेटा आला आणि कॅराकालाचे शिपाई आत घुसले. गेटाने आईला मिठी मारली. ती सोडवायलाही कोणी थांबले नाही. तिच्या अंगावरच त्याला मारले, आणि तिच्या हाताला जखम झाली. गेटा बावीस वर्षांचा होता. त्या काळीच रोममध्ये सिनेटचा सभासद असलेल्या डिओ या इतिहासकाराने हे लिहून ठेवले आहे, आणि पुढेही लिहिले आहे की तिला रडण्याचीसुद्धा मुभा नव्हती.

गेटाचे नाव जेथे जेथे होते तेथून खरवडण्याचा हुकूम सुटला. रोममधल्या सेव्हेरसच्या कमानीवर त्याच्या नावाची ओळ छिन्नीने काढून तेथे बाप आणि थोरला भाऊ यांच्याच आणखी पदव्या भरल्या आहेत. जुन्या अक्षरांच्या खिळ्यांची भोके अजून दिसतात. या कुटुंबाचे एक रंगीत चित्र बर्लिनच्या संग्रहालयात आहे, त्यात धाकट्याचा चेहरा घासून पुसलेला. आईबाप आणि भाऊ जागच्या जागी आहेत.

आणि जूलियेच्या मोहरा? त्या बंद झाल्या नाहीत. उलट तिच्या नावात दोन पदव्यांची भर पडली. आधी लेख असे ‘जूलिया ऑगस्टा’. २११ नंतर तो झाला ‘जूलिया पिया फेलिक्स ऑगस्टा’. पिया म्हणजे धर्मशील. फेलिक्स म्हणजे भाग्यवती.

सहा वर्षांनी, २१७ मध्ये, कॅराकालाचाही खून झाला. ती तेव्हा सिरियातील अँटिऑक येथे होती. तिने अन्न सोडले आणि त्याच वर्षी ती गेली. पुढे तिच्या बहिणीचा नातू गादीवर आला तेव्हा तिला देवी ठरवून ‘दिवा जूलिया’ या लेखाची चांदीची नाणी पाडली गेली.

सेव्हेरसच्या मोहरा आपल्या महाराष्ट्रापर्यंत आल्या होत्या. सोलापूर जिल्ह्यातील दारफळ येथे एकोणिसाव्या शतकात जो रोमन मोहरांचा साठा सापडला, त्यांत त्याची नाणी होती. या देशात सापडलेल्या कित्येक रोमन मोहरांना भोके पाडलेली आहेत, काहींना कडी बसवलेली आहे, आणि काही तर इकडेच घडवलेल्या नकला आहेत. त्यांवर मुखवटा नीट आहे, केस नीट आहेत, आणि लेखाच्या जागी उभ्या-आडव्या रेघा आहेत.